दात वाढले म्हणून ताकद वाढत नाही

स्लो व्हीली म्हणजे पुढचं चाक हवेत आणि गाडी माणसाच्या चालीने पुढे. नागपुरात फुटाळ्यावर आणि रिंग रोडवर ती करू पाहणारी पोरं बरीच. गॅरेजमधला सल्लाही ठरलेला: "भाऊ, मागचं स्प्रॉकेट मोठं टाकून दे, गाडी आपोआप उचलते." या सल्ल्यात अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात हाडं मोडतात.

गैरसमज : मोठं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) टाकलं की इंजिनाची ताकद वाढते.
वस्तुस्थिती : इंजिन तेच राहतं, ताकदही तेवढीच. बदलतं ते मागच्या आणि पुढच्या स्प्रॉकेटच्या दातांचं प्रमाण. चाकणला बनणाऱ्या ड्यूक २०० ला कंपनीकडून पुढे १४ आणि मागे ४३ दात येतात, म्हणजे प्रमाण ३.०७. मागे ६० दातांचं बसवलं की ते ४.२९ होतं. मागच्या चाकाला मिळणारा पीळ (टॉर्क) सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, पण त्याची किंमत वेगात मोजावी लागते. ज्या आरपीएमला गाडी आधी १०० च्या वेगाने धावायची, तिथे आता ती जेमतेम ७२ वर असते. वर्धा रोडवर हीच गाडी रोज चालवायची तर इंजिन सतत किंचाळणार आणि पेट्रोलही जास्त पिणार.

गैरसमज : पुढचं एक दाताने लहान केलं तरी तेवढाच फरक पडतो.
वस्तुस्थिती : पुढचा एक दात कमी करणं हे मागचे साधारण तीन दात वाढवण्याइतकं असतं. १४ चे १३ केले तर प्रमाण ३.३१ होतं, म्हणजे वाढ जेमतेम आठ टक्के. हा उपाय स्वस्त आहे, पण लहान स्प्रॉकेटवर चेनला जास्त तीव्र वळण घ्यावं लागतं, त्यामुळे दोन्ही लवकर झिजतात. मागे मोठं टाकायचं तर चेनही लांब लागते. जुनीच ओढूनताणून बसवली तर ती तुटण्याचा धोका असतो.

गैरसमज : चाक वर टिकतं ते ॲक्सिलरेटरमुळे.
वस्तुस्थिती : ॲक्सिलरेटर आणि क्लच चाक उचलतात. ते टिकवतो मागच्या ब्रेकवरचा उजवा पाय. गाडी तोलाच्या बिंदूपलीकडे मागे कलायला लागली की ब्रेक हलकेच दाबायचा आणि चाक खाली येऊ लागलं की सोडायचा. मोठ्या स्प्रॉकेटचा उपयोग इथेच होतो. दुसरा गिअर जवळजवळ पहिल्यासारखा चालतो, कमी वेगातही इंजिन अडखळत नाही आणि झटके कमी बसतात. तोल मात्र सरावानेच येतो. ज्याचा पाय ब्रेकवर जात नाही, त्याला ६० दातांची गाडी उलट जास्त सहज पाठीवर पाडते.

गैरसमज : मीटर बघून वेग सांभाळता येतो.
वस्तुस्थिती : अनेक गाड्यांत वेग मोजणारा सेन्सर पुढच्या चाकाला असतो. ते चाक हवेत मंदावलं की मीटरचा काटाही उतरतो. ज्या गाड्यांत मोजणी गिअरबॉक्सवरून होते, तिथे स्प्रॉकेट बदलल्यावर मीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतं.

गैरसमज : हळू चालवतोय, मग कायदा काय करणार?
वस्तुस्थिती : आरसीत स्प्रॉकेटचे दात लिहिलेले नसतात, हे खरं. पण सार्वजनिक रस्त्यावर चाक उचलणं हे धोकादायक वाहन चालवणं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतं. गाडी चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९अ थेट घरापर्यंत पोहोचतं: पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही.

शिकायचंच असेल तर मालकाची परवानगी घेऊन बंदिस्त मैदान गाठा. फुल-फेस हेल्मेट, ग्लोव्ह्ज, गुडघ्या-कोपरांचे गार्ड घाला आणि सोबत जाणता माणूस ठेवा. आधी मागच्या ब्रेकची सवय करा, स्प्रॉकेटचा विचार त्यानंतर. आणि रोज कॉलेजला न्यायची गाडी या कामाला लावूच नका.