तहान नसताना घातलेलं पाणी

नागपुरात मे महिना लागला की अंगणातल्या जास्वंदाची पानं दुपारी खाली लोंबतात आणि घरातलं कुणी ना कुणी पाइप घेऊन धावतं. २३ मे २०१३ रोजी या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात माणसाला झाडाची कीव येणारच. पण दुपारी मान टाकलेलं प्रत्येक झाड तहानलेलं नसतं. मुळं ओढतात त्यापेक्षा जास्त वेगानं पाणी पानांतून उडून जातं आणि माती ओली असूनही पानं मलूल होतात. ऊन उतरल्यावर ती पुन्हा ताठ झाली, तर झाड ठणठणीत आहे. सकाळी उजाडतानाही लोंबलेली दिसली, तर मात्र मातीत दोन पेरं बोट खुपसून पाहावं. कोरडं लागलं तर पाणी द्यावं. ओलं लागलं तर मुळं कुजायला लागली असण्याची शंका घ्यावी.

उन्हात पाणी घातलं की पानावरचे थेंब भिंगासारखे होऊन पान जाळतात, हा समज तर घरोघरी आहे. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गुळगुळीत पानांवरच्या थेंबांमुळे असे चटके बसले नाहीत. मेणचट केसांवर थेंब तरंगत राहतो अशा पानांवरच ते घडू शकलं. नागपूरकरांनी जपायचं ते पाइपात आणि गच्चीवरच्या टाकीत तापलेल्या पाण्याला. सकाळीच पाणी द्यावं हा सल्ला बरोबर आहे, पण तो वाफ होऊन वाया जाणारं पाणी वाचवण्यासाठी.

आता कूलरचं पाणी. संध्याकाळी टाकी रिकामी करून ते कुंड्यांत ओतायचं, म्हणजे पाण्याची बचत आणि झाडाचीही सोय, असं वाटतं. कूलरमधून उडून जातं ते फक्त पाणी. क्षार टाकीतच उरतात. रोज वरून नवं पाणी भरलं की ते आणखी साठतात. कूलरच्या गवतावर जमणारा पांढरा थर तोच. हे पाणी कुंडीत गेलं की पानांच्या कडा करपतात, आणि त्या करपलेल्या कडा पाहून लोक आणखी पाणी घालतात! कूलरचं पाणी अंगण धुवायला वापरावं किंवा जमिनीतल्या मोठ्या झाडांना अधूनमधून द्यावं. कुंडीपासून ते लांबच बरं.

विदर्भाच्या काळ्या मातीचा लौकिक मोठा आहे आणि शेतात तो खराही आहे. कुंडीत तीच माती अडचणीची ठरते. भिजली की फुगते आणि मुळांची हवा कोंडते. वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग तांब्याभर पाणी ओतलं की ते कडेच्या फटीतून सरळ तळाच्या छिद्रातून बाहेर येतं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. वरून पाहणाऱ्याला वाटतं, झाड भरपेट प्यायलं. यावर उपाय म्हणजे माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि भरड रेती साधारण समप्रमाणात मिसळणं. तळाशी विटांचे तुकडे टाकून निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड तुकड्यांत सहज उतरत नाही, त्यामुळे चिखलाचा थर उलट मुळांच्या जवळ येतो. छिद्रावर एक खापरी पुरे.

याच मातीत बऱ्याच ठिकाणी चुना भरपूर असतो. त्यामुळे लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यावर अंड्याच्या टरफलांची पूड टाकणं म्हणजे चुन्यात चुना घालणं. चिलेटेड लोहाची फवारणी, तीही पाकिटावरच्या प्रमाणात, हे खरं औषध. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली, तर मात्र नत्र कमी पडल्याची शक्यता जास्त.

पाऊस आला की सगळंच लावून टाकायचं, ही घाईही महागात पडते. सांबार (म्हणजे कोथिंबीर), मेथी, पालक यांना ऑक्टोबर-नोव्हेंबरची हवा मानवते. इथली थंडीही नावापुरती नसते: २९ डिसेंबर २०१८ रोजी शहरात ३.५ अंश तापमान नोंदलं गेलं. अशा दिवसांत माती हळू सुकते, पण पाण्याचा हात अनेकदा मेमधलाच राहतो.

अंगणात संत्र्याचं झाड असेल, तर पाणी कुठं घालायचं याला फार महत्त्व आहे. खोडाशी आळं करून ते तुडुंब भरणं म्हणजे डिंक्या रोगाला बोलावणं. याची बुरशी ओल्या खोडावर आणि मुळांवर फोफावते. बागायतदार दुहेरी आळं करतात: खोडाभोवती मातीचा एक लहान बांध, त्याच्या बाहेर दुसरा, आणि पाणी फक्त दोहोंच्या मधे. कलमाचा सांधाही जमिनीच्या वरच ठेवायचा. आंबिया बहारासाठी तर थंडीत झाडाचं पाणी मुद्दाम तोडतात, जमिनीच्या मगदुरानुसार महिना ते दोन महिने. पानं मलूल होतात, काही गळतात, आणि पाहणाऱ्या शेजाऱ्यांचा जीव खालीवर होतो. त्या ताणानंतर हलकं पाणी सुरू केलं की जानेवारी-फेब्रुवारीत झाड फुलतं आणि पुढच्या दिवाळीच्या सुमारास फळं हाती येऊ लागतात.