दोन जातींच्या दोऱ्या कशा जोडाव्यात?

आमचे घर खाडीच्या काठाला आहे. माझे बाबा मोठ्या लाँचवर खलाशी आहेत. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस लाँचींना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत मासे अंडी घालतात आणि समुद्रही खवळलेला असतो. मग लाँच किनाऱ्यावर आणि बाबा घरी. तेव्हा आमच्या घरात जे कालवण होते ते काकांच्या गरीवर होते. काका खाडीच्या काठावर बसून रॉडने मासे धरतात. म्हणून त्यांच्या दोरीची गाठ सुटली की आमच्याकडे त्या दिवशी नुसती डाळ असते. मी तिसरीत असल्यापासून काकांच्या शेजारी बसून गाठी बघते. त्या गाठींची माहिती मी येथे लिहिली आहे.

पहिल्यांदा दोऱ्या ओळखू या. तंगूस तुम्ही सगळ्यांनी बघितला आहे. तो काचेसारखा दिसतो आणि एकाच धाग्याचा असतो. दुसरी असते विणलेली दोरी. ती अगदी आपल्या वेणीसारखी असते. आपली वेणी तीन पेडांची, आणि ही दोरी बहुतेक वेळा चार किंवा आठ पेडांची. जवळून बघितले तर वीण दिसते. विणलेल्या दोरीतही जाती असतात. जाळी शिवायला आणतात ती नायलॉनची दोरी थोडी खरबरीत असते. हल्ली रॉडला घालतात ती बारीक दोरी पॉलिथिलीनची असते. म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी ज्याची होते त्याच जातीची, पण फारच मजबूत केलेली. ती हाताला गुळगुळीत लागते.

दोन्ही दोऱ्या एकाच रंगाच्या असल्या तर ओळखायच्या कशा? त्याची युक्ती सोपी आहे. दोन्हीचे बोटभर तुकडे बादलीतल्या पाण्यात टाका आणि चिमटीने नीट दाबून त्यांतली हवा काढा. पॉलिथिलीनचा तुकडा वर तरंगतो, नायलॉनचा हळूहळू बुडतो. कारण पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलके आणि नायलॉन पाण्यापेक्षा जड. हा प्रयोग मी वर्गात करून दाखवला तेव्हा बाईंनी सगळ्यांना जवळ येऊन बघायला सांगितले होते.

आता कोणी विचारील, दोन जातींच्या दोऱ्या जोडायच्या कशाला, एकच का वापरत नाहीत? एक तर गुळगुळीत दोरी महाग असते. पूर्ण रीळ तिनेच भरायचे तर खूप पैसे पडतात. आणि दुसरे कारण गमतीचे आहे. गुळगुळीत दोरी नुसत्या रिळाला बांधली, तर मासा ओढायला लागला की सगळी गुंडाळी रिळावर गरगर फिरते आणि दोरी काही आत येत नाही. म्हणून रिळावर आधी चाळीस-पन्नास हात नायलॉनची खरबरीत दोरी घट्ट गुंडाळतात. ती रिळाला धरून बसते. तिच्या टोकाला गुळगुळीत दोरी जोडतात. सगळे काम त्या जोडावर अवलंबून.

आपण दप्तराच्या नाडीला मारतो ती गाठ, म्हणजे एकदा उजवे टोक डाव्यावर आणि एकदा डावे उजव्यावर, ती येथे चालत नाही. ती का सुटते हे मला आधी कळत नव्हते. मग शनिवारी आईने माझ्या केसांना तेल चोपडून वेणी घातली तेव्हा कळले. तेलकट केसांवरून रिबीन शाळेत पोचेपर्यंत खाली येते. तसेच गुळगुळीत दोरीचे आहे. तिला दुसरी दोरी कितीही आवळली तरी पकड कमी. शिवाय नायलॉन ओढले की लांबते आणि लांबले की बारीक होते. गुळगुळीत दोरी जवळजवळ लांबतच नाही. मासा हिसका देतो तेव्हा एक दोरी बारीक होते आणि दुसरी तशीच राहते. मग गाठीत जागा होते आणि टोक निसटते. आमचे आबा सांगतात की त्यांच्या आजोबांची जाळी सुताची होती. सूत पाण्यात फुगते, त्यामुळे गाठ भिजली की आणखीच घट्ट व्हायची. नायलॉनचा शोध १९३५ साली अमेरिकेत लागला. आबांना नायलॉन आवडते कारण ते कुजत नाही, पण गाठीच्या बाबतीत सूतच शहाणे असे ते म्हणतात.

जाड दोऱ्यांसाठी जाळ्याची गाठ चांगली. जाड दोरीचे टोक वाकवून घोड्याच्या नालासारखा आकार करावा. बारीक दोरी खालून नालात वर काढावी, नालाच्या दोन्ही पायांना मागून वेढा द्यावा आणि स्वतःच्याच दोरीखालून ओवावी. दोऱ्यांच्या जाडीत फार फरक असेल तर दोन वेढे द्यावेत. आपल्या गावात होडी बांधताना दोरी कमी पडली की हीच गाठ मारतात. जाळ्याच्या प्रत्येक डोळ्याला हीच गाठ असते आणि विणकरही तुटलेला धागा हिनेच जोडतात. पण गुळगुळीत बारीक दोरीला ही गाठ पुरत नाही. तेथे वेढ्यांची गाठ लागते.

वेढ्यांची गाठ अशी. दोन्ही दोऱ्या समोरासमोरून आणून त्यांची टोके वीतभर शेजारी-शेजारी ठेवावीत. पहिल्या दोरीचे टोक मागे वळवून एक कडे करावे. मग ते टोक कड्यातून नेऊन दोन्ही दोऱ्यांभोवती गुंडाळावे, पुन्हा कड्यातून न्यावे, पुन्हा गुंडाळावे. नायलॉनला पाच वेढे पुरतात. गुळगुळीत दोरीला आठ हवेत. गुळगुळीत दोरी फारच बारीक असेल तर ती आधी दुहेरी करून घ्यावी, म्हणजे ती दुसरीच्या जोडीला येते. टोक ओढून ही गाठ थोडी आवळावी. मग दुसऱ्या दोरीची तशीच गाठ पहिलीभोवती मारावी. आता दोन गाठी झाल्या. दोन्हीकडच्या लांब दोऱ्या ओढल्या की त्या एकमेकींकडे सरकत येतात आणि चिकटून बसतात. ते बघायला मला फार आवडते.

पण शेवटचे आवळण्याच्या आधी गाठ ओली केलीच पाहिजे. काका मला दर वेळी ओरडतात, "सुकी गाठ आवळू नको गो, आधी थुकी लाय!" सुक्या दोऱ्या एकमेकींवर घासल्या की तापतात आणि तेथेच कमजोर होतात. थंडीत आपण हातावर हात चोळतो तेव्हा हात गरम होतात ना, तसे. थुंकी नको वाटत असेल तर पाणी लावा. नंतर टोके कापावीत, पण अगदी मुळापासून नाही. तांदळाच्या दाण्याएवढी ठेवावीत.

गाठ चांगली झाली की नाही हे खाडीवर जाऊन बघायचे नसते, घरीच बघायचे. आम्ही जोडलेली दोरी आंब्याच्या फांदीला बांधली आणि खाली बादली लटकवली. बादली जमिनीपासून वीतभरच वर ठेवली, पडली तरी कोणाला लागू नये म्हणून. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, हे आपण गणितात शिकलो आहोत. साध्या गाठीची दोरी तिसऱ्या लिटरला सर्रकन सुटली. वेढ्यांच्या गाठीने ९ लिटर धरले. मग बादली भरली. आमच्या गुळगुळीत दोरीच्या पुड्यावर ३० पौंड लिहिले आहे. १ पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, म्हणजे दोरी साडेतेरा किलोची. गाठ मारली की कोणतीही दोरी थोडी कमजोर होतेच. म्हणून काका साडेतेरा किलोच्या दोरीवर दहा किलोच्या वरचा भरवसा ठेवत नाहीत.

गाठ सुटली तर नुसते कालवण बुडत नाही. तुटलेली दोरी पाण्यात राहते आणि ती वर्षानुवर्षे कुजत नाही. मागच्या हिवाळ्यात खाडीच्या कांदळवनात एक पाणकावळा उलटा लटकला होता. कोणाची तरी सुटलेली दोरी त्याच्या पायाला तीन-चार वेळा गुंडाळली होती. काकांनी त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला, मी कात्री दिली. दोरी इतकी बारीक की पायात रुतली होती. सोडल्यावर तो लगेच उडाला नाही, बराच वेळ चिखलात बसून राहिला. संध्याकाळी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तो तेथे नव्हता. आता काका कापलेले तुकडेसुद्धा टाकत नाहीत, एका डब्यात ठेवतात.

या कागदाखाली मी दोन्ही गाठी पुठ्ठ्यावर टाचल्या आहेत. वेढ्यांची गाठ नीट दिसावी म्हणून ती लाल आणि पांढऱ्या सुतळीची केली आहे. पालकांनी आणि मुलांनी हात लावून पाहावे. शेजारी गुळगुळीत दोरीचा खरा तुकडा लावला आहे. तो ओढून बघताना बोटाला गुंडाळू नका, बोट कापते. रुमाल गुंडाळून ओढा.

इयत्ता ४ थी