गोठलेल्या समुद्रांतील उघडें पाणी

दक्षिण ध्रुवाभोंवतालचा समुद्र हिवाळ्यांत गोठतो, ही गोष्ट शाळेंतील मुलांसहि ठाऊक असते. सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे तेथील हिवाळा सरत आला असतां, अंटार्क्टिका खंडाभोंवतीं साधारणतः १ कोटि ८० लक्ष चौरस किलोमीटर समुद्र बर्फानें झांकलेला असतो. भारताचें क्षेत्रफळ सुमारें ३३ लक्ष चौरस किलोमीटर आहे; तेव्हां हें आच्छादन भारताच्या पांचपटींहून अधिक मोठें झालें. परंतु ह्या अफाट पांढऱ्या पसाऱ्यांत, आणि तेंहि खंडाच्या अगदीं कांठाशीं, जेथें थंडी अति कडक असते अशाच कांहीं ठिकाणीं, उघडें काळें पाणी भर हिवाळ्यांत हेलावत असतें. दूरचा समुद्र गोठावा आणि हिमराशींच्या पायथ्याशीं असलेलें पाणी मात्र मोकळें राहावें, हें कोडें विचार करण्याजोगें आहे.

अशा उघड्या पाण्यास रशियन भाषेंतून आलेलें ‘पॉलिन्या’ हें नांव शास्त्रज्ञांमध्यें रूढ आहे. बर्फाला पडलेलें हें भोंक म्हणजे थंडीच्या पराभवाची खूण, असें प्रथमदर्शनीं वाटणें स्वाभाविक आहे. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. किनाऱ्यालगतचा पॉलिन्या हा बर्फाचा कारखाना होय. आणि ह्या कारखान्यांतून बर्फाबरोबरच दुसराहि एक माल बाहेर पडतो, जो महासागरांच्या तळांतून हजारों किलोमीटर दूर जाऊन पोंचतो.

हा कारखाना चालतो तो वाऱ्यावर. अंटार्क्टिकाचा अंतर्भाग म्हणजे बर्फाचें उंच पठार. त्यावरील हवा अतिशय थंड व म्हणून जड होते आणि उतारावरून समुद्राकडे वेगानें घसरत येते. त्याच उतारावरून जमिनीवरील हिमहि शतकानुशतकें सावकाश वाहत असतें. तें किनारा ओलांडून समुद्रावर तरंगूं लागलें, पण मागच्या हिमापासून सुटलें नाहीं, म्हणजे त्या शेंकडों मीटर जाडीच्या तरंगत्या थरास हिममंच म्हणतात. हिममंच व सागरी बर्फ ह्यांत घोंटाळा होऊं नये. हिममंच जमिनीवरील गोड्या हिमाचा असतो. सागरी बर्फ खाऱ्या पाण्यावर धरलेला, बहुधा मीटर-दोन मीटर जाडीचा असतो. हिममंचाच्या कडेवरून सुटलेला वारा समुद्रावर नुकताच धरलेला बर्फ किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि पाणी पुनः उघडें पडतें.

पुढें काय होतें तें हलवायाच्या कढईपाशीं उभें राहिलें असतां चटकन् ध्यानीं येईल. रबडी करतांना तो पसरट कढईंतील दुधावर पंख्यानें वारा घालतो; दुधावर साय धरते; ती तो कडेला सारतो आणि उघड्या झालेल्या दुधावर नवी साय धरते. साय जागच्या जागीं राहूं दिली, तर खालचें दूध झांकलें जातें व काम मंदावतें. पॉलिन्यांत पंखा आणि साय सारणारा हात हीं दोन्ही कामें एकटा वाराच करतो. समुद्राचें पाणी शून्याखालीं सुमारें १·९ अंश सेंटिग्रेड उष्णमानास गोठतें, तर वरची हवा शून्याखालीं वीस-तीस अंशांपर्यंत उतरलेली असते. उघड्या पाण्याच्या प्रत्येक चौरस मीटरांतून त्या वेळीं कांहीं शें वॉट इतकी उष्णता हवेंत निघून जाते. त्यावर जाड बर्फ व बर्फावर हिम साचलें, म्हणजे ती घोंगडीप्रमाणें उष्णता अडवितात आणि हा व्यय अगदीं थोडा होतो. म्हणूनच हिवाळाभर जेवढा बर्फ एका लहानशा पॉलिन्यांत तयार होतो, तेवढा तितक्याच झांकलेल्या समुद्रावर कदापि होत नाहीं.

वाऱ्याइतकेंच महत्त्व आडोशास आहे. समुद्राच्या प्रवाहाबरोबर वाहत येणारा जुना बर्फ अडविण्यास एखादी हिमजिव्हा किंवा तळाला टेंकलेले हिमनग आडवे असावे लागतात. नाहीं तर मोकळी झालेली जागा त्या बर्फानें भरून जाते. ह्याचा दाखला फेब्रुवारी २०१० मध्यें मिळाला. पूर्व अंटार्क्टिकांतील मर्ट्झ हिमनदीची समुद्रांत गेलेली लांब जिव्हा तुटली आणि सुमारें ७८ किलोमीटर लांबीचा हिमनग अलग झाला. आडोसा जातांच तेथील पॉलिन्या आकुंचित झाला, बर्फाचें उत्पादन घटलें आणि त्याबरोबर तेथें तयार होणाऱ्या जड पाण्याचें प्रमाणहि उतरलें.

हें जड पाणी हाच तो दुसरा माल. खारें पाणी गोठतांना त्यांतील बहुतेक मीठ बर्फांत राहत नाहीं. तें खालच्या पाण्यांत उतरतें. अगोदरच गोठणबिंदूला आलेलें तें पाणी अधिक खारट, म्हणून अधिक जड होतें आणि बुडूं लागतें. किनाऱ्याजवळच्या उथळ तळावर तें सांचतें, मग सागरी उतारावरून घरंगळत महासागराच्या अत्यंत खोल भागांत जातें. त्यास ‘अंटार्क्टिक तळजल’ असें म्हणतात. जगांतील महासागरांच्या तळाचा फार मोठा भाग ह्याच जलानें व्यापलेला आहे. वरच्या हवेचा प्राणवायु खोल समुद्रांतील जीवांपर्यंत नेण्याचें कामहि तेंच करतें.

मुंबई किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यास ह्याचें काय, असें कोणी म्हणेल. अरबी समुद्राचें पृष्ठजल बहुतेक वर्षभर कोमट असतें. परंतु चार किलोमीटर खोलीवर त्याचें उष्णमान अवघें दोन अंशांच्या आसपास असतें. उष्ण कटिबंधांतील ह्या समुद्रास इतकी थंडी आली कोठून? उत्तरेकडून ती येणें शक्य नाहीं, कारण त्या बाजूस आशिया खंडाची भिंत आहे. हें तळचें पाणी दक्षिणेकडून, वाटेंत इतर पाण्यांत मिसळत मिसळत, अतिशय मंद गतीनें आलेलें आहे. अंटार्क्टिकाच्या कांठीं पडलेल्या थंडीची खूण कोंकणापुढील समुद्राच्या तळाशीं सांपडते, ती अशी.

भारतीयांचा ह्या प्रदेशाशीं प्रत्यक्ष संबंध गोव्याहून जडला. डॉ. सय्यद झहूर कासिम ह्यांच्या नेतृत्वाखालीं २१ जणांची पहिली भारतीय तुकडी ६ डिसेंबर १९८१ रोजीं मुरगांव बंदरांतून ‘पोलर सर्कल’ जहाजानें निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजीं अंटार्क्टिकावर उतरली. ‘दक्षिण गंगोत्री’ हें भारताचें पहिलें ठाणें हिममंचावरच उभारलेलें होतें; तें पुढें हिमांत गाडलें गेलें. त्यानंतर १९८९ मध्यें ‘मैत्री’ व २०१२ मध्यें ‘भारती’ हीं ठाणीं खडकावर उभीं राहिलीं. ह्या मोहिमांची व्यवस्था वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहतें. हें केंद्र १९९८ मध्यें स्थापन झालें.

त्यांतील ‘भारती’चें स्थान प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें मोक्याचें आहे. तें प्रिड्झ उपसागराच्या कांठीं असून त्याच्या पश्चिमेस अमेरी हा प्रचंड हिममंच, व त्याहि पलीकडे डार्न्ली भूशिर आहे. ह्या भूशिरापाशीं असलेला पॉलिन्या बर्फाच्या उत्पादनांत अंटार्क्टिकाच्या सर्व पॉलिन्यांत अग्रेसर असलेल्यांपैकीं एक आहे. तेथील पाणी खरोखर तळापर्यंत जातें काय, हा प्रश्न दीर्घ काळ अनिर्णीत होता. भर हिवाळ्यांत तेथें जहाज नेणें दुष्कर. सहा महिने उजेडहि बेताचाच.

हा प्रश्न तीन प्रकारच्या साधनांनीं सोडविला. एक, कृत्रिम उपग्रह. बर्फ व पाणी ह्यांतून निघणारे सूक्ष्मतरंग भिन्न असतात आणि ते अंधारांतून व ढगांतूनहि वर पोंचतात. त्यामुळें पॉलिन्याचा विस्तार रोजच्या रोज मोजतां येतो. दुसरें, तळाशीं नांगरून ठेवलेलीं यंत्रें, जीं प्रवाह, उष्णमान व खारटपणा महिनोन् महिने नोंदवितात. तिसरें साधन चमत्कारिक आहे. हत्ती-सील हा प्राणी भक्ष्यासाठीं शेंकडों मीटर खोल बुड्या मारतो. त्याच्या डोक्यावरील केंसांस लहानसें यंत्र चिकटविलें, म्हणजे प्रत्येक बुडींतील मोजमाप तो वर येतांच उपग्रहाकडे जातें. पुढें केंस गळाले कीं यंत्रहि गळून पडतें. जेथें मनुष्याचा रिघाव नाहीं तेथील माहिती ह्या प्राण्यांनीं आणली. जपानी शास्त्रज्ञ ओशिमा व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१३ मध्यें सिद्ध केलें कीं, डार्न्ली भूशिराचा पॉलिन्या हें वेडेल समुद्र, रॉस समुद्र व अडेली किनारा ह्यांच्या मागोमाग अंटार्क्टिक तळजलाचें चौथें उगमस्थान आहे.

२०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनानें मात्र चिंतेचें कारण दाखविलें. प्रिड्झ उपसागरांतहि पॉलिन्ये आहेत व तेथेंहि बर्फ विपुल होतो. तथापि तेथील पाणी अपेक्षेइतकें जड होत नाहीं. कारण, शेजारचे हिममंच खालून वितळून त्यांचें गोडें पाणी ह्या खाऱ्या पाण्यांत मिसळतें. बर्फ होतांना मीठ वाढतें, हिममंच वितळतांना तें पातळ होतें. एका बाजूनें भरावें आणि दुसऱ्या बाजूनें गळावें, असा हा प्रकार. पृथ्वीचें उष्णमान वाढून हिममंच अधिक वितळूं लागले, तर वारा पूर्वीसारखाच वाहत असूनहि हा कारखाना मंदावेल. मग खोल समुद्रांत जाणारा प्राणवायु कमी होईल आणि तळचें पाणी उबदार होऊन फुगल्यानें समुद्राची पातळी वाढण्यासहि हातभार लागेल.

किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्रांतहि क्वचित् पॉलिन्या उघडतो. त्याचें कारण निराळें. तेथें खोलीवरील किंचित् उबदार व खारें पाणी वर येऊन बर्फ वितळवितें. १९७४ ते १९७६ ह्या तीन हिवाळ्यांत वेडेल समुद्रांत असा जो पॉलिन्या उपग्रहांस दिसला, त्याचा विस्तार अडीच-तीन लक्ष चौरस किलोमीटर होता. परभणीहून गंगाखेडकडे जातांना पोखर्णीच्या आसपास क्षितिजापर्यंत काळें रान पसरलेलें दिसतें. तसाच काळा पसारा जवळ जवळ सबंध महाराष्ट्राएवढा, आणि त्याच्या चहूंबाजूंस शुभ्र बर्फ, अशी कल्पना केल्यास त्या दृश्याचा अंदाज येईल. पुढें कित्येक दशकें तेवढें मोठें छिद्र दिसलें नाहीं. २०१६ व २०१७ मध्यें तें ‘मैत्री’पासून सुमारें ७०० किलोमीटरांवरील मॉड राइझ ह्या सागरी पर्वतावर पुनः उघडलें. गोव्याच्या केंद्रांतील बाबुला जेना व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१९ मध्यें त्याची मीमांसा प्रसिद्ध केली. खोल पाणी वर खेंचणारे चक्राकार वारे हें त्यांनीं दाखविलेलें एक प्रमुख कारण.

ह्या सर्वांचें तात्पर्य व्यवहारी आहे. अंटार्क्टिकाचा बर्फ किती पसरला वा किती घटला, एवढ्या एका आंकड्यावर लोकांची दृष्टि खिळलेली असते. परंतु महासागराच्या तळाचें भवितव्य बर्फाच्या विस्तारापेक्षां त्यांतील ह्या मोजक्या उघड्या जागांवर अधिक अवलंबून आहे. तेथें किती मीठ खालीं उतरतें आणि हिममंचाचें किती गोडें पाणी त्यांत मिसळतें, हा हिशेब वर्षानुवर्षें, एकहि हिवाळा न चुकवितां, लिहून ठेवावा लागेल. ज्यांचीं ठाणीं त्या कांठावर आहेत, त्या राष्ट्रांवर ही जबाबदारी विशेषेंकरून येते. आणि भारत त्यांपैकीं एक आहे.