टिचकी मारणारा किडा

गेल्या उन्हाळ्यात आम्ही न्यूझीलंडला भाचीकडे गेलो होतो. ती ऑकलंडच्या ईस्ट टामाकीत राहते. तिथे पूर्वी गाईंची कुरणे होती, आता कारखाने आणि घरे आहेत. एका रात्री दिव्याखाली एक तपकिरी किडा उताणा पडला. तिच्या धाकट्याने चप्पल उचलली तोच 'टक्' असा आवाज झाला आणि किडा हवेत उडून पायांवर उभा!

याचे शास्त्रीय नाव कोनोडेरस एक्स्सुल. लांबी सुमारे एक सेंटिमीटर. छातीखाली काट्यासारखे टोक असते. ते मागच्या खाचेच्या काठाला अडकवून तो अंग ताणतो आणि टोक सुटले की वर फेकला जातो. पायांचे काम नाही! डेव्हिड शार्प यांनी १८७७ साली त्याचे वर्णन केले. 'एक्स्सुल' म्हणजे लॅटिनमध्ये परागंदा. जहाजातून आलेल्यांच्या आपल्या घराण्यांना हे नाव परके वाटू नये.

खरी गोष्ट त्याच्या अळीची. ती पिवळसर, तारेसारखी कडक आणि जमिनीत राहणारी. कुरण नांगरून मका पेरला की गवताची मुळे जातात, मग ती बी आणि कोवळे रोप पोखरते. इंग्रजीत तिला उसाची वायरवर्मही म्हणतात. अशा अळ्या बेण्याचे डोळे खातात, आणि डोळा गेला की काय होते ते आपल्या आजोबांना विचारावे. पण हीच अळी मातीतल्या दुसऱ्या किड्यांच्या अळ्याही फस्त करते!

भाचीच्या परसातल्या बटाट्यांना भोके पडली होती. चोर कोण ते आम्ही सांगितले नाही. धाकट्याने किडा काडेपेटीत घालून कुंपणापलीकडे सोडला.