भाऊबीजेला साडी, की एक मोकळा तास?

दिवाळीच्या दिवसांत बेळगावहून खानापूर, चिकोडी, निपाणीकडे जाणाऱ्या गाड्या भावांनी आणि माहेरवाशिणींनी भरून जातात. भावाच्या पिशवीत फराळाचा डबा असतो आणि बहुधा एक साडी. ओवाळून घेण्यासाठी तो पाटावर बसतो, तबकात ओवाळणी पडते, सर्वांना आनंद होतो. मात्र खानापूरच्या भातपट्ट्यात हेच दिवस सुगीचे असतात. ओवाळणाऱ्या बहिणीच्या बोटांवर विळ्याचे ताजे चरे असतात, आणि निरांजन खाली ठेवताच तिला पुन्हा शेताची वाट धरायची असते. शहरात स्थिरावलेल्या आम्हां मंडळींच्या नजरेला साडी दिसते, चरे दिसत नाहीत. म्हणून यंदा वाचक बंधुभगिनींपुढे एक निराळा विचार ठेवावा, असे आम्हांस वाटते.

शेतकरी घरातील बाईचा एक दिवस डोळ्यांपुढे आणावा. झुंजुमुंजू होण्यापूर्वी ती उठते. शेणघाण, पाणी, चहा, धारा, भाकऱ्या हे सारे उरकून, भाकरीची पाटी डोक्यावर आणि लहानगे कडेवर घेऊन ती शेतात जाते. तेथे दिवसभर कंबर वाकवायची. परतताना जनावरांचा चारा किंवा जळणाचा भारा असतोच. रात्री जेवणे आटोपली की घरची माणसे अंगणात टेकतात, आणि ती मक्याची कणसे पुढ्यात ओढते. ‘बाई शेतात मदत करते’ असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः आपल्या देशाच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश शेतीतच राबतात. २०२४ मधील राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी स्त्री त्या कामात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे घालवते. पुरुषांपैकी जे घरकाम करतात, त्यांची सरासरी ८८ मिनिटे आहे.

शेतकऱ्याच्या घरात फवारणीचा पंप आला की तो ‘शेतीचा खर्च’ ठरतो, आणि प्रेशर कुकर आला की ती ‘बायकांची हौस’ ठरते. हिशेबाच्या वहीतील हा भेद आम्हांस मुळातच चुकीचा वाटतो. डाळ लवकर शिजल्याने वाचलेला अर्धा तास शेतीलाच मिळतो, किंवा थकलेल्या पाठीला मिळतो. आणि पाठ हीदेखील शेतीचेच साधन आहे.

ग्रामीण स्त्रीचे कष्ट हलके करणाऱ्या साधनांत पहिला मान पिठाच्या गिरणीचा. जात्याबरोबर ओव्याही गेल्या म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. त्यांतील बहुतेकांनी पहाटे चारला खुंटा धरलेला नसतो. दुसरा मान दारातल्या नळाचा. मात्र यंत्राची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. भाताच्या गिरण्या आल्या तेव्हा हातातले मुसळ सुटले, आणि त्याबरोबर मजुरीने भात कांडणाऱ्या गरीब बायांची रोजीही सुटली. म्हणून प्रत्येक नव्या साधनाविषयी दोन प्रश्न विचारावेत: कोणाचे ओझे उतरले, आणि कोणाची भाकरी गेली?

चुलीची कहाणी तर मोठी बोधप्रद आहे. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकातच बिनधुराच्या चुलीचा पुरस्कार केला होता. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘अस्त्र ओले’ ही कमी जळणाची चूल तयार झाली; कन्नडमध्ये ‘ओले’ म्हणजे चूल. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला आणि लाखो चुली बसवल्या गेल्या. त्यांपैकी पुष्कळ काही वर्षांतच पडून राहिल्या. धुराडी काजळीने भरली, ती साफ कशी करावी हे कोणी शिकवले नव्हते. कोठे चुलीची तोंडे घरच्या भांड्यांच्या मापाची नव्हती. साधन खोटे नव्हते. पण ते वापरणारीला बसवताना कोणी काही विचारले नव्हते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅसच्या शेगड्या घरोघर नेल्या, ही मोठीच गोष्ट झाली. तरी दुसरा सिलिंडर घेताना हात आखडला, की जळणाचा भारा पुन्हा डोक्यावर येतो. शेगडी देणाऱ्याने पुढच्या सिलिंडरचाही विचार केलेला बरा.

शेतातील साधने त्या मानाने स्वस्त आणि साधी आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘वैभव विळा’ तयार केला. तो हलका आहे, आणि त्याच्या पात्याला करवतीसारखे बारीक दाते असल्याने त्याला वरचेवर धार लावावी लागत नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचे मका सोलण्याचे साधन म्हणजे लोखंडी पत्र्याची एक आखूड नळी आहे. तिच्या आतल्या बाजूस पट्ट्या असतात. कणीस आत घालून पिळले की दाणे गळतात, आणि अंगठ्याचे सालटे निघत नाही. बसल्या जागी भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे हातयंत्रही त्याच संस्थेने केले आहे. यांतील विळा किंवा नळी साडीच्या घडीत सहज मावेल.

आता सर्वांत अवघड गोष्ट, म्हणजे मूल. बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून आई कापणीला लागते, हे चित्र चितारायला सुंदर आहे. त्या झाडाखाली मुंग्या असतात, जवळ विहीर असते, कधी औषधाचा रिकामा डबाही पडलेला असतो. मच्छरदाणीची झोळी, घडीचा पाळणा, झाकणाची पाण्याची बाटली ही साधने उपयोगाची आहेत, आणि ती अवश्य द्यावीत. परंतु रांगत्या मुलावर लक्ष ठेवील अशी वस्तू अजून कोणत्याही कारखान्यात निघालेली नाही. तेथे माणूसच लागते. आणि ते माणूस बहुधा आठ-दहा वर्षांची थोरली बहीण असते. तिची शाळा बुडते ती येथे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९४५ साली बोर्डीला त्यांचे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू झाले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले, की थोरली निश्चिंतपणे पाटी हातात घेऊ शके. १९७५ पासून देशात अंगणवाड्या आल्या. पण अंगणवाडीचे तास मोजके, आणि कापणीचा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा. कर्नाटक सरकारने २०२३ साली चार हजार ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’, म्हणजे ‘बाळाचे घर’, या नावाची पाळणाघरे काढण्याची घोषणा केली, ती याच उणिवेपोटी. आपल्या गावच्या पंचायतीत असे घर आहे काय, ते सुगीच्या दिवसांत चालते काय, हे सुट्टीत गावी गेलेल्यांनी विचारावे. शहरातून आलेल्या माणसाच्या चौकशीला गावात वजन असते. ते एकदा अशा कामी लावून पाहावे.

आणखी एक गोष्ट घरातल्या घरात करण्यासारखी आहे. शेतीच्या यंत्रांवर स्त्री शेतकऱ्यांना सरकारी अनुदान अधिक, ५० टक्क्यांपर्यंत मिळू शकते. परंतु २०१५-१६ च्या कृषिगणनेत वहिवाटदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते. राबणारी एक आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे, अशी स्थिती असेल तर ती कोणत्या तोंडाने दुकानात जाऊन यंत्र निवडणार? आमच्या वाचकांपैकी अनेकांची नावे आजही गावच्या उताऱ्यावर आहेत. आपण तेथे पाऊल न टाकता मालक, आणि वहिनी किंवा बहीण रोज राबूनही कोणी नाही, याचा विचार भावाभावांनी एकत्र बसून अवश्य करावा.

साडी देऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. साडी मायेची खूण आहे, आणि ती तिला मिळालीच पाहिजे. मात्र दिवाळीपूर्वी आठ दिवस एक फोन करावा आणि विचारावे, “ताई, दिवसभरात तुला सगळ्यांत जास्त कंटाळा कोणत्या कामाचा येतो?” पहिले उत्तर ‘काही नाही रे’ असेच येईल. दुसऱ्यांदा विचारावे. मग ती जे सांगेल, त्याप्रमाणे पिशवी भरावी. कदाचित ती कुकर सांगेल, कदाचित विळा. कदाचित वस्तू न मागता एवढेच म्हणेल, की या सुगीत चार दिवस येऊन मुलाला सांभाळ. तेव्हा रजेचा अर्ज लिहिण्याची आपली तयारी असावी.