एकदा नमले की

१९३८ च्या सप्टेंबरात म्युनिकला ब्रिटन-फ्रान्सने हिटलरला झेकोस्लोव्हाकियाचा सुदेतन भाग देऊन टाकला. शांतता मिळाली, असे त्यांना वाटले. सहा महिन्यांत हिटलर प्रागमध्ये पोचला. वर्षभरात महायुद्ध पेटले.

आमचे नायगाव ज्या निजामी राज्यात होते, तिथेही असेच घडले. लातूरला वकिली केलेला कासीम रझवी रझाकारांचा म्होरक्या होता. भारताशी ‘जैसे थे’ करार करायला शिष्टमंडळ दिल्लीला निघणार होते. २७ ऑक्टोबर १९४७ ला पहाटे रझवीच्या जमावाने त्यांची घरे वेढली. निजामाने रझवीला आवरले नाही, शिष्टमंडळच बदलले. पंतप्रधान छतारीच्या नवाबांनी पद सोडले. रझवीला चालणारे लायक अली आले. रझाकारांची भीड चेपली. गावे लुटली, जाळली गेली. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी विरोधात लिहिले, ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

निजाम नमला तो गादी वाचवायला. गादी गेलीच, त्याआधी माणसे गेली. हातात लेखणी धरणारा मुसलमान म्हणून मी वारसा सांगतो तो शोएबुल्लांचा. दांडगाईला वेळीच ‘नाही’ म्हणणारा माणूस आपल्याच मातीत होता, हे मुलांना सांगायला हवे.