ऐकण्याची कला

महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण यांच्या सीमा जेथे जवळ येतात, त्या भागात नांदेड जिल्ह्यातील देगलूर हे गाव वसले आहे. धुंडा महाराज देगलूरकर यांच्या नावामुळे ते वारकरी कीर्तन-प्रवचनाच्या परंपरेत महाराष्ट्रभर परिचित झाले. कीर्तनकार अभंगाचा एक चरण घेतात, दृष्टांत देऊन त्याचा अर्थ उलगडतात आणि मग वीणा, टाळ, मृदंग यांच्या साथीने तोच चरण पुन्हा गातात. शब्द तेच आणि चालही तीच. परंतु निरूपण ऐकलेल्या श्रोत्यास तो चरण निराळाच भासतो. गाणे बदललेले नसते. ऐकणारा बदललेला असतो.

संगीत समजावून देण्यासाठी हीच रीत योजली, म्हणजे तिला सप्रयोग व्याख्यान म्हणतात. व्याख्याता एखादी गोष्ट सांगतो आणि गायक-वादक ती तेथेच ऐकवितात. संगीताचे थोर अभ्यासक डॉ. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी निवेदन आणि प्रत्यक्ष गायन यांची अशी सांगड घालून अनेक रसिकांचे कान तयार केले. अमेरिकेत लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी १९५८ ते १९७२ या काळात न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदासह मुलांसाठी अशीच व्याख्याने दिली.

अशा व्याख्यानाने काय साधते? त्रितालाचेच उदाहरण घ्या. या तालाच्या मात्रा १६ आणि पहिल्या मात्रेवर सम. एवढे सांगून तबलजीने ठेका धरला आणि श्रोत्यांनी हातावर मात्रा मोजल्या, की सम ओळखू येऊ लागते. मग गवई दूरवर तान घेऊन निघाला, तरी तो समेवर कसा परततो याची उत्कंठा लागते. तो अचूक आला की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलते. ज्याला सम ठाऊक नाही, त्याला मात्र गवई उगाच लांबण लावीत आहे असे वाटते आणि ‘हे गाणे आपल्यासाठी नाही’ असे म्हणून तो उठून जातो.

परदेशीय संगीताविषयी तर हा गैरसमज फारच लवकर होतो. युरोपात चेंबर म्युझिक, म्हणजे दालनातील संगीत, नावाचा एक प्रकार आहे. त्यात वादक मोजकेच असतात. प्रत्येकाकडे स्वतंत्र काम असते आणि काठी हलवून सूचना देणारा संचालक नसतो. वादक एकमेकांकडे पाहून, एकमेकांचे ऐकून वाजवितात. आपल्याकडील बैठकीप्रमाणेच हे संगीतही मुळात घरातील थोड्या श्रोत्यांसाठी होते. एकोणिसाव्या शतकात त्यात भावनेला विशेष महत्त्व आले. त्या काळाला रोमँटिक काळ म्हणतात.

त्या काळाच्या आरंभी फ्रान्झ शूबर्ट (१७९७–१८२८) हा संगीतकार होऊन गेला. त्याने १८१७ मध्ये एका ट्राउट माशावरील गीताला चाल दिली. निर्मळ ओढ्यात मासा खेळत असतो. कोळी पाणी गढूळ करून त्याला पकडतो, अशी त्या गीताची कथा आहे. ऑस्ट्रियातील स्टायर या लहान गावी एका हौशी चेलोवादक गृहस्थाला ही चाल फार आवडली. त्याच्या इच्छेवरून शूबर्टने १८१९ मध्ये पियानो, व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बास या पाच वाद्यांसाठी रचना केली. तिच्या चौथ्या भागात हीच चाल वेगवेगळी रूपे घेते.

व्याख्याता आधी माशाची कथा सांगतो, मूळ चाल दोनदा ऐकवितो आणि म्हणतो, ‘आता ही चाल कोणाकडे जाते ते पाहा.’ प्रथम पियानो गप्प असतो. तंतुवाद्ये चाल मांडतात. मग ती पियानोकडे जाते, पुढे व्हिओलाकडे. एकदा पियानोचे सूर भरधाव धावतात आणि चाल खाली डबल बास व चेलो यांच्या खर्जात राहते. एकदा ओढ्यावर वादळ यावे तशी ती गंभीर होते. शेवटी मूळ गीतातील पाण्याची झुळझुळ पियानोत परत येते आणि श्रोत्यास जुना मित्र भेटल्याचा आनंद होतो. आपल्या ख्यालातही एकच बंदिश नाना अंगांनी खुलते. भेद इतकाच की, आपला गवई तो विस्तार गाताना रचतो, तर शूबर्टने तो आधीच लिहून ठेवला आहे.

हे संगीत आपल्या भूमीलाही अगदी अपरिचित नाही. मुंबईचे व्हायोलिनवादक मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९४० मध्ये तेथे चार तंतुवादकांचा संच उभारला होता. मात्र असे संगीत मोठ्या शहरांबाहेर क्वचितच ऐकू येते.

तथापि व्याख्यानालाही मर्यादा आहे. वाटाड्या देवळाच्या दारापर्यंत नेतो. दर्शन ज्याचे त्यानेच घ्यावयाचे असते. म्हणून चांगला व्याख्याता थोडे बोलतो आणि वेळीच थांबतो. गाणाऱ्याला गुरू लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. ऐकणाऱ्यालाही तो लागतो, हे आपण विसरतो. जाणते श्रोते नसतील, तर उत्तम कलाही पोरकी होते. जे समजले नाही ते वाईट, असे न मानता एकदा समजून घेऊन पुन्हा ऐकावे. ऐकण्याची कला तेथूनच सुरू होते.